रोज पाच किलोमीटर चालतो, तरी तोल का जातो?

कराडचे एक वाचक लिहितात: माझं वय ७३. एसटीत ३१ वर्षं वाहक होतो, त्यातली बरीचशी कराड-चिपळूण मार्गावर. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. रोज सकाळी प्रीतिसंगमापर्यंत, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमापर्यंत, जाऊन येतो, जाऊन-येऊन पाच किलोमीटर होतात. बारा वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, प्रोस्टेटची गोळी रात्री घेतो. गेल्या आठ महिन्यांत दोनदा पडलो. पहिल्यांदा फिरून परत येताना फोन वाजला, खिशातून काढता काढता फूटपाथवरून खाली उतरलो आणि आडवा झालो. भुवईवर चार टाके पडले. दुसऱ्यांदा रात्री तीनच्या सुमारास लघवीला उठलो, बाथरूमच्या उंबऱ्याशी झोक गेला आणि कमरेवर आपटलो. नशिबाने हाड मोडलं नाही. तेव्हापासून मुलाने बाहेर फिरणं बंद केलंय. पुण्याच्या मुलीने वॉकर मागवून पाठवला, तो खोक्यातच आहे. काठी घेऊन गावातून जायला लाज वाटते. भजनात सतरंजीवर बसायचो, आता खुर्ची घेतो. माझ्या मते माझं चालणं कमी पडतंय, पाचाचे सात किलोमीटर केले तर पायांत ताकद येईल. मुलगा म्हणतो, वय झालं, आता घरात बसा. कोणाचं ऐकू?

नमस्कार काका,

पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ लिहिली आहे, ती मी परत परत वाचली. ‘घाटात गाडी वळत असताना तिकिटं फाडायचो, कधी दांडा धरला नाही, आणि आता घरच्या उंबऱ्याशी पडतो.’ ही ओळ लिहिताना तुम्हाला किती लागलं असेल ते कळतं. पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तरही तिच्यातच आहे.

चिपळूणच्या वाटेवरच्या कुंभार्ली घाटात गाडीत उभे असायचात ते आठवून बघा. पाय जरा फाकलेले, गुडघे सैल, एक कूल्हा सीटच्या पाठीला टेकलेला. डाव्या काखेत तिकिटांचा ट्रे, उजव्या हातात पंच. डोळे सुट्या पैशांवर, तोंडाने हिशोब, आणि कान ‘पुढच्याला थांबवा’ म्हणणाऱ्याकडे. गाडी डावीकडे कलली की तुमचे घोटे, पोटऱ्या, कंबर तुम्हाला न विचारता उजवीकडे सावरत होते. दिवसभरात असं किती वेळा झालं असेल याची मोजदाद नाही. तोलाचा इतका कडक व्यायाम मी माझ्याकडे येणाऱ्या कुणालाही देऊ शकत नाही. तुम्ही तो ३१ वर्षं केलात, फक्त त्याला कधी व्यायाम म्हटलं नाही. आणि ज्या दिवशी निवृत्तीचा हार गळ्यात पडला, त्या दिवशी तो एकदम बंद झाला. त्यानंतरची पंधरा वर्षं तुम्ही सपाट रस्त्यावर, रोज त्याच वाटेने, सरळ चालत आहात.

म्हणून पाचाचे सात किलोमीटर करण्याबद्दल आधी बोलते. तुमचं चालणं वाया गेलेलं नाही. साखर, रक्तदाब, हृदय, दम, झोप, मन या सगळ्याला त्याचा फायदा झाला आहे आणि ते सोडायचं नाही. पण चालणं आणि तोल ही दोन वेगळी कामं आहेत. सरळ चालताना शरीर फारसं डगमगतच नाही, त्यामुळे सावरायचा सराव होत नाही. २०१९ साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १०८ चाचण्या आणि तेवीस हजारांहून जास्त ज्येष्ठ माणसं होती. व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण जवळपास २३ टक्क्यांनी कमी झालं, आणि हा फायदा ठामपणे दिसला तो तोलाच्या आणि उठ-बस, पायरी, वळणं अशा रोजच्या हालचालींच्या व्यायामांत. नुसत्या चालण्याच्या कार्यक्रमांबद्दल तसं खात्रीने म्हणता आलं नाही. दोन किलोमीटर वाढवून तुम्ही दमाल, आणि दमलेला माणूस पाय कमी उचलतो.

आता मुलाचं म्हणणं. त्याला दोष देऊ नका. भुवईतून रक्त येतंय अशा बापाला रिक्षात घालून नेलेलं असतं, तेव्हा ‘घरात बसा’ हे प्रेमापोटीच निघतं. पण या बाबतीत मी स्वतः केलेली चूक सांगते. माझी आई सत्तराव्या वर्षी पडली आणि तिचं मनगट मोडलं. मी याच विषयात शिकलेली, दिवसभर दुसऱ्यांच्या आईवडिलांना चालवणारी. तरीही आम्ही तिला तीन महिने जागेवर चहा दिला, जागेवर ताट दिलं, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात. प्लास्टर हाताला होतं आणि आम्ही पाय बसवून ठेवले. प्लास्टर निघालं तेव्हा तिला दोन्ही हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नव्हतं. ते परत यायला एक वर्ष लागलं. २००७ मधला एक छोटा अभ्यास मी तेव्हापासून प्रत्येक घरी सांगते: बारा धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांचं जवळजवळ एक किलो मांस झडलं. दहा दिवसांत. घरात बसणं म्हणजे अंथरुणात पडणं नव्हे हे खरं, पण वाट त्याच दिशेने जाते. शिवाय तुम्ही दुसऱ्यांदा पडलात ते घरातच, हेही मुलाला आठवून द्या.

‘वय झालं’ हे कारण मला पुरत नाही. वय दोन्ही वेळी ७३च्या आसपासच होतं, पण पडणं दोन वेगळ्या कारणांनी झालं. पडलेल्या प्रत्येक माणसाला मी विचारते की पडायच्या आधीच्या क्षणाला काय चाललं होतं. तोल तीन गोष्टींवर चालतो. डोळे, आतला कान, आणि पावलांकडून-घोट्यांकडून मेंदूला जाणारी खबर. बारा वर्षांच्या मधुमेहात पावलांची खबर बोथट होऊ शकते. मुंग्या येत नसल्या तरीही होते. दिवसा तुमचे डोळे ती उणीव भरून काढतात. रात्री तीन वाजता अंधारात डोळे गेले, पावलं बोथट, आणि तुम्ही झोपेतून ताडकन उठलात. त्यात रक्तदाबाची आणि प्रोस्टेटची गोळी पोटात. या दोन्हींमुळे उभं राहिल्यावर दाब खाली येऊ शकतो. उंबरा फक्त निमित्त झाला.

पहिलं पडणं वेगळं आहे. तिथे उजेड होता, पायही ठीक होते. लक्ष मात्र फोनकडे गेलं आणि त्याच क्षणी पायरी आली. तरुणपणी चालण्याकडे लक्ष द्यावं लागत नाही, ते आपोआप होतं. वय वाढतं तसं चालायलाही थोडं डोकं लागतं, आणि त्याच डोक्याला दुसरं काम दिलं की पाऊल चुकतं. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधी गोष्ट टिपली होती. वृद्धांच्या निवासातल्या लोकांशी चालता चालता बोलायला सुरुवात केली, तेव्हा काही जण उत्तर द्यायला थांबत होते. पुढच्या सहा महिन्यांत पडण्याचं प्रमाण या थांबणाऱ्यांत जास्त निघालं. वाचकांनी हे आपल्या आईवडिलांबरोबर सहज करून बघावं. बाजारातून येताना काहीतरी विचारायचं आणि त्यांचे पाय काय करतात ते बघायचं.

व्यायामाआधी एकदा डॉक्टरांकडे जा, आणि फक्त ‘दोनदा पडलो’ एवढंच सांगून येऊ नका. नेमकं मागा. रक्तदाब आधी पाच मिनिटं आडवं झोपवून आणि मग उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी मोजायला सांगा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर गोळ्यांची वेळ किंवा मात्रा बदलावी लागते. ते त्यांनाच ठरवू द्या, मनाने गोळी बंद करू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून घेऊन जा. झोपेची गोळी कुणाच्या सल्ल्याने किंवा शेजाऱ्याचं बघून घेत असाल तर तीही दाखवा, कारण पडण्यात तिचा हात मोठा असतो. पावलांची संवेदना तपासून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी झालेलं असू शकतं, माळकरी शाकाहारी असाल तर जास्तच, आणि बी-१२ची कमतरता पावलांची खबर आणखी बिघडवते. मोतीबिंदू आहे का ते बघून घ्या. चष्मा जवळचा-लांबचा एकत्र (बायफोकल) असेल तर पायरी उतरताना खालच्या काचेतून ती पुसट दिसते. बाहेर फिरायला फक्त लांबचा, एकाच नंबराचा चष्मा वेगळा करून घ्या. आणि पडताना डोळ्यांपुढे अंधारी आली असेल, शुद्ध हरपली असेल, छातीत धडधडलं असेल, किंवा कूस बदलताना खोली गरगर फिरत असेल, तर व्यायाम थांबवून आधी तेच सांगा. कूस बदलल्यावरची ती गरगर बहुतेकदा आतल्या कानातली असते आणि डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट डोकं विशिष्ट पद्धतीने वळवून ती बरी करतात. त्यासाठी महिनोन्‌महिने चक्करेच्या गोळ्या खात बसायचं कारण नाही. (रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या वाचकांसाठी: डोक्यावर पडलात तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.)

आता तुम्ही आज कुठे आहात ते घरीच मोजू. मुलाला शेजारी उभं करा. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर फुलीसारखे घ्या आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता ते मोजा. तुमच्या वयाच्या पुरुषाला बारा वेळा जमायला हवं, बायकांना दहा. त्याखाली आकडा आला तर मांड्या कमजोर आहेत. मग ओट्याशी उभे राहून एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवा, जणू दोरीवर उभे आहात, आणि हात सोडा. दहा सेकंद टिकलात तर ठीक. त्याआधीच ओटा धरावा लागला, तर पडण्याचा धोका आहे आणि कामाला लागायला हवं. माझा अंदाज, तुमचं खुर्चीचं बरं जमेल आणि टाच-बोटाचं नाही. रोज चालणाऱ्या कितीतरी जणांचं असंच असतं.

व्यायामासाठी जिम नको, यंत्र नको. स्वयंपाकघराचा ओटा हवा. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात घरच्या घरी करायचा एक कार्यक्रम बसवला, तो आता जगभर वापरतात. त्यातल्या चाचण्यांमध्ये पडणं साधारण एक तृतीयांशाने कमी झालं. मी खाली सांगते ते त्याच जातीचं आहे.

सकाळची भांडी झाली की ओट्याला तोंड करून उभे राहा, मागे एक दणकट खुर्ची असू द्या. मधुमेह आहे म्हणून अनवाणी नको, मागून बंद असलेले बूट घाला. दोन्ही हात ओट्यावर ठेवून दहा वेळा टाचा उचला, सावकाश वर आणि त्याहून सावकाश खाली. मग चवडे उचलून टाचांवर या. हे दुसरं कंटाळवाणं वाटेल, पण उंबऱ्याला ठेच लागते ती चवडा पुरेसा न उचलल्यामुळे. एकेक पाय बाजूला उचलून दहा वेळा, कंबर न वाकवता. मग खुर्चीतून उठ-बस, आधी हात टेकून चालेल, पुढे हात न लावता. ही झाली ताकद.

तोलाचं काम टाच-बोटाच्या उभं राहण्यापासून सुरू करा, आणि इथे जरा रेंगाळते, कारण जवळजवळ सगळे जण इथे चुकतात. पहिल्या दिवशी दोन्ही हात ओट्यावर ठेवा. पुढचं पाऊल लावताना खाली बघितलंत तरी चालेल, पण लागल्यावर नजर समोरच्या मसाल्याच्या डब्यावर. आता घोट्यांकडे लक्ष द्या. ते सतत डावी-उजवीकडे थरथरताना जाणवतील. बूट आतल्या आत हलतील, पोटरीत बारीक ओढ येईल, पावलांची बोटं जमीन पकडू बघतील. लोक घाबरून इथेच सोडून देतात. सोडू नका. कुंभार्लीच्या वळणावर जे काम तुमचे घोटे न सांगता करायचे, ते आता पुन्हा शिकत आहेत, त्याची ही थरथर. ती येत नसेल तर व्यायाम सोपा झाला असं समजा. दोन हातांनी तीस सेकंद आरामात जमू लागलं की एक हात. मग एका हाताचं एकच बोट ओट्याला. मग हात ओट्याच्या वर दोन इंच, तरंगते. शरीर डगमगलं पाहिजे, पण पडायची वेळ येता कामा नये. हाताशी आधार आणि मागे खुर्ची असते ती त्यासाठीच. एका पायावर उभं राहण्याचाही हाच क्रम.

मग ओट्याला धरून बाजूला चालणं, खेकड्यासारखं, चार पावलं इकडे चार तिकडे. मग ओटा धरून मागे चालणं. दोन-तीन आठवड्यांनी हॉलमध्ये सहा-सात फुटांवर दोन बादल्या उलट्या ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत चाला. माणूस सरळ चालताना जेवढा पडतो त्याहून जास्त वळताना पडतो, म्हणून वळायला शिकायचं. वळताना एका पायावर गर्रकन फिरायचं नाही, चार-पाच छोटी पावलं टाकत वळायचं.

हे अंगवळणी पडलं, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यानंतर, तुमच्यासाठी मी एक खास व्यायाम काढला आहे. आठच्या आकड्यात चालता चालता मोठ्याने म्हणा: कराड, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, पोफळी, चिपळूण. मग उलटे. मग प्रत्येक थांब्याचे टप्पे मोजा, सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि भाडं सांगा. शेजारी नातवंडं असतील तर त्यांना प्रवासी करा, एक फुल एक हाफ मागू द्या. डोकं हिशोबात असताना पाय चालते ठेवायचे. फूटपाथवर फोन वाजला तेव्हा जे सुटलं, ते हेच होतं. वाचकांनी आपापलं शोधावं: पाढे, हरिपाठ, नातेवाइकांचे वाढदिवस, काहीही चालतं.

आठवड्यातून निदान तीन दिवस, अर्धा-पाऊण तास. जागतिक आरोग्य संघटनेनेही ६५च्या पुढच्या सगळ्यांना तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस करायला सांगितलंय, आणि ते चालण्याच्या जोडीला, चालण्याऐवजी नव्हे. दोन आठवड्यांत फरक शोधू नका. तीन महिन्यांनी शोधा, आणि सोडलात तर कमावलेलं ओसरतं हेही आत्ताच सांगून ठेवते. ताकद यायची तर पोटातही काही जायला हवं. रोज चहा-चपातीवर सकाळ काढत असाल तर त्यात उसळ, दही, दूध, चालत असेल तर अंडं येऊ द्या. मूत्रपिंडाचा त्रास सांगितलेला असेल तर हे डॉक्टरांना विचारून.

भजनाच्या खुर्चीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, पण ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. सतरंजीवरून उठणं हा मांड्यांचा, कमरेचा आणि तोलाचा एकत्र व्यायाम आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण तो दिवसातून दहादा करत आलो. खुर्ची आली आणि तो गेला. गुडघे फार दुखत नसतील तर तो परत मिळवा, पण शिडीने. आधी पलंगाची उंची, मग बुटकं स्टूल, मग चौरंगावर दोन उशा, मग चौरंग, मग सतरंजी. दरवेळी शेजारी खुर्ची. उठताना कुशीवर व्हा, हातांवर भार घेऊन गुडघ्यांवर या, खुर्चीच्या बैठकीवर हात टेका, एक पाऊल पुढे रोवा आणि उठा. पडल्यावर मदत येईपर्यंत तास-तास जमिनीवर राहावं लागू नये म्हणूनही हेच कामाला येतं. घरातल्या सगळ्यांनी एकदा हे करून बघा, मुलानेही. आणि मंडळात पावली खेळत असाल तर ती सोडू नका. हातात टाळ, तोंडात अभंग, आणि भार या पायावरून त्या पायावर, एक पाऊल पुढे, एक मागे. मी ओट्याशी जे करायला सांगते आहे, ते त्यात सगळं आहे. काही दिवस कडेला, भिंतीजवळ उभे राहून खेळा.

काठीची लाज. तुमच्याच गाडीत वर दांडा होता ना? म्हातारी माणसं, पोरं, लेकुरवाळ्या बाया तो धरून उभ्या राहायच्या, आणि तुम्ही स्वतः त्यांना ओरडून सांगायचात की दांडा धरा. तेव्हा तुम्हाला त्यात कमीपणा दिसला नव्हता. काठी हा तसाच दांडा, फक्त बरोबर नेता येतो. ती पाय नाही, पावलांची खबर वाढवते: जमीन कशी आहे ते हाताला कळतं. बूट घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाच्या घडीइतकी काठीची उंची हवी. उंच काठीने खांदा वर चढतो, बुटक्या काठीने माणूस वाकतो. खालचं रबर झिजलं की लगेच बदला. एका पायाला दुखणं असेल तर काठी उलट्या बाजूच्या हातात घ्यायची, हे बहुतेक लोक चुकवतात. सध्या बाहेर काठी, घरात गरज नाही. तीन महिन्यांनी परत मोजू, कदाचित फक्त गर्दीत आणि चढ-उतारावर लागेल.

वॉकर आत्ता खोक्यातच राहू द्या. मुलीला फोन करून सांगा की तिची काळजी पोचली. पण तुमच्यासारख्या रोज पाच किलोमीटर चालणाऱ्याच्या हातात चार पायांचा वॉकर दिला तर तो पुढे वाकून, पाय ओढत चालायला लागतो, आणि आपल्या घरातल्या उंबऱ्यांना तोच अडकतो. शस्त्रक्रियेनंतर किंवा पाय फारच कमजोर असताना त्याची खरी गरज असते. तो घ्यायचा की नाही हे चालणं बघून ठरतं.

रात्रीची व्यवस्था मात्र आजच करा, उद्यावर नको. पलंगापासून बाथरूमपर्यंत जमिनीलगत एक-दोन झिरोचे दिवे. उंबऱ्यावर पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगाची जाड पट्टी. वाटेतलं पायपुसणं काढून टाका. कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला धरायचा दांडा. टॉवेलच्या दांड्यावर भिस्त ठेवू नका, माणसाच्या वजनाने तो निखळून येतो. उठलात की एक मिनिट पलंगाच्या कडेवर बसा, पावलं दहा-वीस वेळा खालीवर हलवा, मग उभे राहा, मग मनात पाच मोजा, मग चाला. घाई लागत असेल तर पलंगाजवळ युरिनलचं भांडं ठेवायला काहीच हरकत नाही. लुंगी जमिनीला लोळत असेल तर दोन बोटं वर खोचा.

आता बाप-लेकाचा तह. मुलाला हे पत्र वाचायला द्या आणि तीन महिन्यांची मुदत मागा. तुम्ही कबूल करा: सात किलोमीटरचं नाव काढणार नाही. पहिले सहा आठवडे दोन-अडीच किलोमीटरच, पूर्ण उजाडल्यावर, काठी आणि बंद बूट घालून. फोन खिशात राहील, वाजला तर आधी कडेला थांबून मग काढाल. प्रीतिसंगमाच्या पायऱ्या नदीपर्यंत उतरणार नाही, वरच्या बागेतच फिराल. मुलाने कबूल करावं: बाहेर जाण्यावर बंदी नाही, गच्चीवर येरझाऱ्या घालायला लावणार नाही, आणि ‘जपून, जपून’ असं मागून ओरडणार नाही. त्या ओरडण्याने माणूस अंग आखडून, नजर पायांशी लावून चालायला लागतो, आणि आखडलेला घोटा सावरू शकत नाही. त्याऐवजी त्याने आठवड्यातून तीन सकाळी वीस मिनिटं द्यावीत.

त्या वीस मिनिटांत त्याने उभं कुठे राहायचं तेही सांगते. समोर नाही, कारण समोर असला की तुम्ही त्याचे हात पकडाल. तुमच्या जरा मागे आणि बाजूला, एक हात कमरेच्या पट्ट्यापासून वीतभर लांब, स्पर्श न करता. दुसऱ्या हातात मोबाइलवरचं घड्याळ. टाच बोटाला लागली की चालू, ओट्याला हात लागला की बंद. पहिल्या दिवशीचा आकडा चार सेकंद आला तर चार लिहा, कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत. दोन्ही पायांचे वेगवेगळे लिहा, डावा पुढे असताना आणि उजवा पुढे असताना. तीन महिन्यांनी ती तीन पानं मला पाठवा. सात किलोमीटरचं तेव्हा बोलू.